तिसरा डबा

आमचं घर चोपड्यात, पडवळासारखं:
रुंदी पंधरा फूट, लांबी ऐंशी.
राऊटर पुढच्या खोलीत, टीव्हीच्या मागे,
माझं टेबल थेट शेवटी, न्हाणीच्या अलीकडे.
मध्ये सासऱ्यांनी उभारलेल्या दोन भिंती,
दीड-दीड फूट काळा दगड.
दुपारी तीनला पुण्याचा साहेब विचारायचा,
"मॅडम, आहात ना?"
मी असायचे.
स्क्रीनवर माझं तोंड अर्धं उघडं, गोठलेलं.
पंचेचाळीस डिग्रीत
सबंध तालुक्यात गोठलेली मी एकटीच.

मग वही काढली, रकाने पाडले.
एक डब्याचा, दोन डब्यांचा, तीन डब्यांचा सेट.
ड्युअल बँड, ट्राय बँड.
नेत्राने समजावलं, ट्राय म्हणजे
डब्यांना आपसात बोलायला वेगळी वाट.
म्हटलं, या घरात आपसात बोलणं ते किती,
दोन बँड पुरे.
खोक्यावर छापलेलं: पाच हजार चौरस फूट.
कुठल्या गावच्या भिंती धरून मोजलं,
तेवढं छापलेलं नव्हतं.

जळगावला, गोलाणीच्या दुसऱ्या मजल्यावर
होतचंदानी म्हणाले,
दोनचा सेट बावन्नशे, तीनचा एकसष्टशे.
मी पर्स उघडली, बंद केली,
खाली जाऊन उसाचा रस प्याले,
परत वर आले.
त्यांनी दोनशे सोडले.
पक्क्या बिलावर, तीन वर्षं वॉरंटीसकट
तिसरा डबा पडला सातशेला.
सातशेत हल्ली कूलरची मोटर येत नाही.

बसवायला नबाब तडवी आला.
पाणी बघणारा पायाळू तळहातावर नारळ घेऊन
शेतभर फिरतो,
तसा तो फोन घेऊन घरभर फिरला.
पहिला डबा पुढे.
दुसरा जिन्याच्या वळणावर, दगडाला वळसा घालून,
इन्व्हर्टरच्या लाईनवर.
माझ्या टेबलापाशी साहेबाचं तोंड हलायला लागलं.
(गोठलेलंच बरं होतं. असो.)

"तिसरा कुठे लावू?"
"राहू दे खोक्यात."
त्याने उजवीकडच्या भिंतीवर बोट वाजवलं.
"ही कधीची, ताई?"
"सत्तावीस जुलै, दोन हजार सोळा."
एवढी नेमकी त्याने मागितली नव्हती.
"चार इंची आहे. हिला नेट भिंत धरतच नाही.
केव्हाचं पलीकडे चाललंय."

पलीकडे धाकटे दीर, कुमुद, लोकेश.
ओट्याच्या सव्वा हातावरून झालं ते सगळं.
रात्री लोकेश गच्चीवर जातो,
पाण्याच्या टाकीवर फोन ठेवून भरतीचे फॉर्म भरतो.
आमच्या गच्चीवरून मला
तो उजेडाचा चौकोन दिसतो,
आणि फॉर्म अडकला की त्याने टाकीला मारलेली थाप
ऐकू येते.

डिगंबररावांना विचारलं.
ते म्हणाले, "सातशेचं तुझं तू बघ."
म्हणजे हो नाही, आणि नाही तर नाहीच.

खोकं घेऊन मी मागच्या दाराने गेले.
कुमुद वांगी भाजत होती.
वर न बघता म्हणाली,
"कितला पडना?"
इतक्या वर्षांतला तिचा पहिला शब्द.
मी म्हटलं, सातशे.
तिने डब्यातून सहाशे काढून दिले.
मी घासाघीस केली नाही.

पासवर्ड लिहून द्यावा लागला नाही.
"दादांच्या राजदूतचा नंबर," एवढंच म्हटलं.
लोकेशने तो बघता बघता टाकला,
ती गाडी भंगारात गेली तेव्हा
तो दुसरीत होता.

आता फोनवर यादी दिसते, कोण कोण जोडलंय त्याची.
नेत्रा. मी. आमचा टीव्ही.
कुमुद. लोकेश.
आणि रात्री अकरा चाळीसला,
सगळे झोपले की,
एक बिननावाचा फोन येतो.
तासभर असतो. जातो.

डिगंबररावांनी माझ्या खांद्यावरून पाहिलं,
काही न बोलता कुशीवर वळले.

ॲप रोज विचारतं: नाव द्यायचं, की बंद करायचा?
मी दोन्ही करत नाही.